पूर्ण सदस्य, सहयोगी सदस्य आणि मित्र

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावं पाहायला म्हणून कुणी जात नाही. लोक तिथे राहायला जातात, कामाला जातात, कुणाच्या लग्नाला जातात. माझी ताई तरुणपणी अंबरनाथला एका शिबिरासाठी म्हणून गेली आणि तिथलीच झाली. वाईला घरी आली की ती मला सांगायची, "एकदा आमच्याकडची दुपार बघायला ये." मी दोनदा गेलो होतो, पण दोन्ही वेळा रविवारी. रविवारी तिची पाळणाघरं बंद असत. तिने मला कुलपं दाखवली, मग आम्ही जेवून गप्पा मारल्या आणि मी परत आलो.

यंदा शेवटच्या दुखण्यात ताई सामान घेऊन वाईला आली आणि पावसाळा संपता संपता गेली. पौषात मी तिसऱ्यांदा गेलो. या खेपेला मात्र दुपारी पाहिल्या. त्या दुपारींविषयीच लिहायचं आहे.

आधी जाण्याचं कारण सांगतो. ताई बालकल्याणाचं काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेची सदस्य होती. संघटनेचं मुख्य कार्यालय युरोपात आहे आणि आपल्या बाजूच्या देशांचं काम कोलंबोहून चालतं. ताई गेल्याचं मी त्यांना कळवलं. त्यांचं फार सभ्य उत्तर आलं. आधी दुःख व्यक्त केलं होतं आणि मग खाली नियम. ताई 'व्यक्तिगत सदस्य' होती आणि असं सदस्यत्व त्या व्यक्तीबरोबर संपतं. मागे राहिलेल्या कामाला हवं असेल तर दुसऱ्या वर्गात अर्ज करता येईल. 'पूर्ण सदस्य' म्हणजे नोंदणी झालेली संस्था, जिला एक प्रमुख आणि स्वतःची मुलं असतात. 'सहयोगी सदस्य' म्हणजे ज्यांचं मुख्य काम वेगळं आहे, पण मुलांना हातभार लावतात, असे कारखाने, शाळा, दवाखाने. आणि 'मित्र' म्हणजे कुणीही. मित्राला मत नाही आणि दारावर संघटनेची पाटी लावता येत नाही. सहयोग्यालाही नाही.

मी सगळं आयुष्य ग्रंथपाल म्हणून काढलं. नीट केलेली वर्गवारी पाहिली की मला शांत वाटतं. ताई गेल्यानंतरच्या त्या दिवसांत हे उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचत असे. माणूस गेल्यावर नक्की काय संपतं, हे इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

मग अंबरनाथच्या मोरिवलीहून कमलताईंचा फोन आला. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याने ताईला एक खोली दिली होती. कामावर येणाऱ्या बायकांची मुलं तिथे दिवसभर असतात आणि कमलताई ती खोली सांभाळतात. दारावर संघटनेची पाटी होती म्हणून खोली मिळाली होती. आता कारखान्यात नवे मॅनेजर आले होते. ते म्हणाले, पाटी खरी असेल तर संस्थेच्या नावाचं सदस्यत्व महिनाअखेरपर्यंत दाखवा. नसेल तर मला माल ठेवायला जागा लागते. कमलताई आणि ताईची बाकी दोन पाळणाघरं सांभाळणाऱ्या दोघी, अशा तिघींनी तीन अर्ज पाठवले होते आणि तिन्ही परत आले होते.

"दादा, बाई होत्या तवर इंग्रजी त्या बघायच्या," कमलताई म्हणाल्या. "आता मना नाय कळत काय चुकलं ते. तुमी या."

उल्हासनगर

पहिलं घर जयादीदींचं. या सिंधी बाई ताईपेक्षा थोड्या मोठ्या आहेत आणि जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत राहतात. गल्लीत शिरलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला असावा. दोन्ही बाजूंना शिलाईची मशिनं चालू होती आणि वाटेत निळ्या कापडाचे गठ्ठे होते. हवेतही बारीक निळी धूळ होती. माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर ती बसली. वाईला धुतल्यावरही तिची किंचित छटा उरली आहे.

दार उघडून जयादीदींनी आधी ओठांवर बोट ठेवलं. मग मला आत घेतलं आणि ताटलीत भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला समोर ठेवला. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी देतात. इथे पापड. तो मोडताना एवढा आवाज झाला की मी कावराबावरा झालो.

"खाओ अदा, खाओ," त्या कुजबुजल्या. सिंधीत अदा म्हणजे भाऊ. "पापडाने कोणी उठत नाही. तुमची बहीण तर सात-आठ खायची."

डोळे अंधाराला सरावले तसं मला दिसलं. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी नळ टाकले होते आणि त्यांना साड्यांच्या झोळ्या टांगल्या होत्या. पिवळी, मोरपंखी, फुलाफुलांची, उडालेल्या लाल रंगाची. प्रत्येकीत एक मूल झोपलं होतं आणि प्रत्येक झोळी आपल्या आपल्या गतीने, अगदी जराशी हलत होती. खाली चटयांवर जरा मोठी मुलं निजली होती. त्यांच्या अंगावरही साड्याच. मशिनांचा आवाज भिंतींतून येत होता, पण आत तो लांबच्या धबधब्यासारखा वाटत होता.

ही ताईची पद्धत. मूल पाळणाघरात घालायचं तर आईने स्वतःची एक नेसलेली साडी आणून द्यायची. आणताना ती धुवायची नाही. आईचा वास असला की मूल रडत नाही. आता साडी नेसणाऱ्या आया कमी झाल्या, म्हणून ओढण्या येतात, गाऊन येतात. एका मुलाची झोळी बापाच्या लुंगीची होती. त्याची आई जीन्सच घालते आणि जीन्सची झोळी होत नाही, असं जयादीदींनी मला गंभीरपणे सांगितलं.

थोड्या वेळाने वीज गेली. गल्लीतली मशिनं एकदम थांबली आणि त्या शांततेने मुलं जागी झाली. एकापाठोपाठ एक झोळ्या हलल्या आणि त्यांतून डोकी वर आली. आवाज थांबला म्हणून जागी होणारी मुलं मी त्याआधी पाहिली नव्हती. जयादीदी उठल्या आणि पोळपाटावर लाटण्याने टक टक करायला लागल्या. मला म्हणाल्या, "आप भी करो." मी पापडाच्या ताटलीवर पेल्याने ठेका धरला. वीज येईपर्यंत आम्ही दोघं वयस्कर माणसं मशीन होऊन बसलो होतो. डोकी पुन्हा खाली गेली.

मग मी कामाला लागलो. यातली तुमची मुलं कोणती, असं विचारलं. त्यांनी हात खोलीभर फिरवला आणि मग तोच हात खिडकीबाहेर, अंबरनाथच्या दिशेने फिरवला. तिथली पण. बदलापूरची पण.

तेव्हा मला अर्ज का परत आले ते कळलं. थदडीच्या सणाला जयादीदींच्या घरात चूल पेटत नाही. आदल्या दिवशीचं थंड खायचं असतं आणि घर देवाचं असतं. त्या दिवशी त्यांची सगळी मुलं कमलताईंकडे जातात. मोरिवलीची जत्रा असली की कमलताईंची मुलं इकडे येतात. बदलापूरकडच्या चामटोलीत भातलावणी असली की तिकडची मुलं दोन्हीकडे वाटली जातात. मूल जातं तशी त्याची साडीही जाते. कुणाच्या आईला दारात उभं राहून विनवावं लागू नये म्हणून ताईने ठरवून दिलं होतं की प्रत्येक मुलाचं नाव तिन्ही घरांत असलं पाहिजे. तिघींनी आपापल्या अर्जात तेच लिहिलं. कोलंबोला तीच नावं तीनदा पोचली.

आमच्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाला एक दाखलअंक असतो आणि ते एकाच कपाटात राहतं. हे मी जयादीदींना समजावायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या ताटात पालक घातलेली डाळ वाढली आणि म्हणाल्या, "किताब रोती नहीं, अदा."

मोरिवली

मुक्काम कमलताईंच्या घरी होता. मोरिवली हे जुनं गाव. कारखाने नंतर आले आणि गावाला चिकटून बसले. कमलताईंच्या सासऱ्यांची भातशेती होती, तिथे आता गोदाम आहे. पण अंगणात अजून वालाचा वेल चढवलेला आहे आणि पहाटे धुकं पडलं की गोदाम दिसत नाही. तेव्हा सासरे ओट्यावर बसतात आणि शेताकडे बघितल्यासारखे बघत राहतात. त्या धुक्याला औषधांच्या दुकानासारखा वास येतो. दोन दिवसांनी तो मला जाणवेनासा झाला.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर घरातल्या सगळ्यांना नवल वाटलं. ताई खायची. वाईला आईसमोर तिने हे कधी सांगितलं नव्हतं.

"सांगितलं नाय?" कमलताईंना हसू आवरेना. "अवो, वासाने यायच्या बाई. मंग आता तुमी नका सांगू घरी."

मग घरी कुणी उरलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या एकदम उठून वालाचं बिरडं आणायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कोलंबोला फोन लावला. तिथल्या अधिकारी बाईंचं नाव नीलांती. आवाज तरुण, बोलणं सावकाश. मी तीन घरांची रीत सांगितली. त्या म्हणाल्या की व्यक्तिशः त्यांना ही गोष्ट फार आवडली, पण समितीपुढे ती गोष्ट म्हणून ठेवता येणार नाही. मुलं वाढवून दाखवल्याचा संशय एकदा आला की जात नाही. तीन घरांनी मिळून एक अर्ज करावा, त्यात प्रत्येक मूल एकदाच, आपल्या घराखाली दाखवावं, एक प्रमुख ठरवावा आणि सगळी मुलं एका ठिकाणी असताना त्यांना व्हिडिओवर दाखवावीत. नोंदणी होती. ताईने फार पूर्वी एक महिला मंडळ नोंदवलं होतं, ज्याचा उपयोग तिघी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करत. प्रमुखाचा प्रश्न मात्र कठीण होता. बाईंच्या खुर्चीत बसायला एकीचीही तयारी नव्हती.

शनिवार ठरला. आनंदनगरच्या खोलीत, दुपारी, मुलं झोपली की.

मधल्या सकाळी मी अंबरनाथचं देऊळ पाहिलं. शिलाहारांच्या काळातलं, काळ्या दगडाचं. शेजारून सांडपाण्याने काळी झालेली वालधुनी नदी वाहते आणि तिच्याकडे न बघता देवळाकडे बघावं लागतं. बाहेरच्या भिंतीवर शेकडो मूर्ती आहेत. कित्येकांचे चेहरे झिजून गुळगुळीत झाले आहेत. उभं राहण्याची तऱ्हा तेवढी उरली आहे आणि तेवढ्यावरूनही त्यातली प्रत्येक एक विशिष्ट बाई होती हे कळतं. गाभाऱ्यात पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं. खाली ओल आणि अंधार, आणि वर शिखर पुरं नसल्यामुळे आकाशाचा तुकडा. मी तिथे बराच वेळ बसलो. वरून एक पारवा आत आला, एक गिरकी मारून परत गेला. वाईचे गणपती, घाट, सगळं उघड्यावर, उन्हात असतं. तिथे देवाला भेटायला आपण चढतो किंवा समोरून जातो. खाली उतरून भेटायचा देव मला त्या दिवसांत बरा वाटला.

चामटोली

बदलापूर सोडलं की डोंगर जवळ येतात. चामटोलीला सविता राहते. ती तिघींत सर्वांत लहान, तिशीतली. नवरा रोज मुंबईला कामाला जातो, सासू-सासरे शेत बघतात. पडवीत तिचं पाळणाघर आहे. मी पोचलो तेव्हा तिथेही मुलं झोपलेली होती. मी जाईन तिथे मुलं झोपलेली, असंच त्या प्रवासात चाललं होतं. त्यामुळे त्या गावांतल्या माणसांचे आवाज मला अजूनही कुजबुजीतच आठवतात.

पडवीपुढे हरभऱ्याचं छोटं वावर आणि त्यामागे चंदेरीचा सुळका. दुपारच्या उन्हात तो कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. सविताने हरभऱ्याचे दोन डहाळे उपटून माझ्या हातात दिले. आम्ही सोलत, खात, हळू बोलत बसलो. नीलांतीबाईंचं म्हणणं मी सांगितलं. प्रत्येक मूल एकदाच.

"म्हणजे मी माझे सोडून बाकीचे काट मारायचे?" तिने विचारलं. "दिल पे पत्थर रखके."

"फक्त कागदावर," मी म्हणालो.

"कागदावरच तर मॅनेजर बघतो ना दादा."

तेवढ्यात कडेच्या झोळीतून हालचाल झाली. मी सहज तिकडे पाहिलं आणि हातातला घाटा तसाच राहिला. ती जांभळी, बारीक चौकड्यांची सुती साडी होती. ताई ती प्रवासात नेसायची. वाईच्या स्टँडवर ती या साडीत उतरायची आणि मी लांबूनच चौकडी ओळखायचो.

झोळीत दीड-दोन वर्षांची मुलगी होती. तिचं नाव परी. सविताने सांगितलं की तिची आई बाळंतपणात गेली. बाप ठेकेदाराचा कामगार. ठेकेदार पाठवील तिथे जातो, कधी उल्हासनगर, कधी आनंदनगर, कधी बदलापूरला इमारतीच्या कामावर. ज्या दिवशी जिथे काम, तिथल्या घरात तो परीला ठेवतो. त्याच्याकडे बायकोची साडी नव्हती. गावाला तिच्याबरोबरच सगळं गेलं होतं. म्हणून ताईने अंगावरची सोडून दिली.

"अंगावरची?"

"म्हणजे, माझा गाऊन घालून गेल्या ना घरी," सविता म्हणाली. "रिक्षावाला बघतच राहिला. बोलल्या, बघू दे."

मुलगी जागी झाली नाही. मी झोळीला हात लावला. कापड इतकं मऊ झालं होतं की बोटांना आधी कळलंच नाही.

आनंदनगर

शनिवारी सकाळी उल्हासनगरहून जीन्सचा टेम्पो आला. त्यात गठ्ठ्यांऐवजी मुलं होती. गादी म्हणून खाली न शिवलेलं निळं कापड पसरलं होतं आणि मध्ये जयादीदी. चामटोलीची मुलं शाळेच्या रिक्षांतून आली. प्रत्येकाबरोबर आपली साडी. कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन एकेक बोचकं उघडून बघायला लागला, तेव्हा जयादीदी त्याला म्हणाल्या की बेटा, माल चोरी होतो तो बाहेर जाताना, आत येताना नाही. त्याने फाटक पूर्ण उघडलं.

खोली मोठी, पत्र्याच्या छपराची. कमलताईंनी नळांच्या जोडीला दोरखंड ताणले होते. वरणभात झाला, मुलं पेंगायला लागली आणि एकेक झोळी बांधली गेली. तिन्ही घरांच्या साड्या मी पहिल्यांदाच एकत्र पाहत होतो. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या आणि कापडांतून गाळून पलीकडे रंगीत होऊन पडत होत्या. शेजारच्या कारखान्याची घरघर चालू होती. मी मधल्या वाटेने चालत होतो, पावलं न वाजवता, आणि मला वाटत होतं की आपण पाण्याखालून चाललो आहोत. ताईची दुपार ती हीच.

नवे मॅनेजरही येऊन दारात उभे राहिले. चाळिशीतले, नीटनेटके. दारातच बूट काढून बाजूला ठेवून ते मोज्यांवर आत आले. सांगितल्याशिवाय हे करणारा माणूस वाईट असेल असं मला वाटलं नाही. त्यांना खरोखरच मालाला जागा हवी होती.

तिघींनी आपापल्या मुलांची नावं पुन्हा लिहून आणली होती. सांगितल्याप्रमाणे, प्रत्येक मूल एकदाच. फोन लावण्याआधी मी ती नावं आणि समोरची मुलं जुळवायला घेतली. आयुष्यभर हेच केलं. कपाट आणि नोंद. पहिली रांग जुळली, दुसरी जुळली. शेवटच्या रांगेत एक झोळी जास्त होती.

मी पुन्हा पाहिलं. जांभळी, चौकड्यांची.

परीचं नाव कुठेच नव्हतं. जयादीदींनी तिला आपल्या नावांतून काढलं, कारण ती कमलताईंकडे जास्त असते. कमलताईंनी काढलं, कारण बाप हल्ली बदलापूरच्या कामावर आहे. सविताने काढलं, कारण ती आधी आली उल्हासनगरला. प्रत्येकीला वाटलं, दुसरीने ठेवलं असेल. आतापर्यंत जी तिन्ही घरांत होती, ती एकदाच मोजायचं ठरल्याबरोबर एकाही घरात उरली नाही. आणि ती समोर, तोंडात अंगठा धरून झोपली होती.

कमलताईंच्या डोळ्यांना धार लागली, पण आवाज त्यांनी येऊ दिला नाही. मी नावं घातलेले कागद घडी करून खिशात ठेवले आणि फोन लावला.

नीलांतीबाई दिसल्या. त्यांच्या मागे खिडकीत एक नारळ हलत होता. मी त्यांना हळू बोलायची विनंती केली आणि फोन घेऊन झोळ्यांमधून चालू लागलो. शेवटच्या रांगेपाशी मी थांबलो आणि आत्ता काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मी म्हणालो की तुम्ही सांगितलं तसं आम्ही केलं, तर हे मूल गळलं. माझी बहीण तीनदा लिहायला लावायची ते वाढवून दाखवायला नाही, गळू नये म्हणून. मी ग्रंथपाल आहे, मला एकदाच लिहिलेलं आवडतं. पण तीन ग्रंथालयांची मिळून एक सूची असते तसं हे आहे. त्यात पुस्तक एकच आणि दारं तीन असतात. आम्हाला तीन सदस्य करू नका, एक करा, तिन्ही पत्ते खाली घाला आणि मुलं घरांत वाटू नका.

मग त्यांनी विचारलं की या मुलीला घरी कोण नेतं, आणि एखाद्या दिवशी बाप आलाच नाही तर. मी तिघींना मराठीत विचारलं.

"जिच्या दारात असेल ती," सविता म्हणाली. "दोन वेळा नेली मी. एकदा जयादीदींनी."

नीलांतीबाईंनी लिहून घेतलं. मग प्रमुख कोण ते विचारलं. झालं, तिघी पुन्हा एकमेकींकडे बोट दाखवायला लागल्या. मॅनेजर दारात, मोज्यांवर, वाट बघत होते. शेवटी जयादीदींनी सविताच्या पाठीवर हात ठेवला.

"हिला लिहा. मी झाले तर परत सहा महिन्यांत हाच ताप, आणि अदाला परत पापड खायला यावं लागेल. ही चाळीस साल चलेगी."

"दीदी, लोग क्या बोलेंगे," सविता कुजबुजली. "बाईंच्या जागी मी?"

"जागा बाईंचीच हाय," कमलताई डोळे पुसत म्हणाल्या. "तू निस्ती सही कर. आनि खोली माझी जायाची हाय, तुझी नाय. तवा कर."

सविताने मान हलवली. नीलांतीबाईंनी नाव लिहिलं आणि मग सहज, आवरतं घेता घेता विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला कोणत्या वर्गात दाखवायचं?"

मी त्याचा विचार केलेला नव्हता. मी प्रश्न तिघींना सांगितला. कमलताईंनी एक क्षणही घेतला नाही.

"मामा," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा, हे मामा हायत."

हे मलाच इंग्रजीत सांगायचं होतं. मी म्हणालो, या बायका म्हणताहेत की मी मुलांच्या आईचा भाऊ आहे. कोणत्या मुलाच्या, असं त्यांनी विचारलं. मी फोन पुन्हा त्या खोलीकडे फिरवला. त्यांनीही फार वेळ लावला नाही. म्हणाल्या, असा वर्ग आमच्याकडे नाही, तूर्तास मी तुम्हाला 'मित्र' लिहिते. मित्राला मत नसतं.

मी म्हणालो, चालेल.

वाई

मी परतलो. महिना संपायच्या आत सविताचा फोन आला. समितीने मंडळाला पूर्ण सदस्य केलं, तीन पत्त्यांसह, एक वर्ष काम पाहण्याच्या अटीवर. मॅनेजरनी जुनी पाटी काढून नवी स्वतः उभं राहून लावून घेतली आणि ती तिरकी लागली. कमलताईंनी ती तशीच राहू दिली आहे. खोली आहे.

मला मित्र म्हणून संघटनेचं वार्तापत्र येतं. मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो.

निघताना कमलताईंनी मला रिक्षापर्यंत सोडलं होतं. मी बसल्यावर त्या आत वाकल्या आणि जरा अवघडून म्हणाल्या की विचारू का नको असं झालंय, पण बाईंच्या साड्या तुमच्याकडे असतील. परीसारखी आणखी दोन मुलं येणार आहेत.

"सुती असतील त्या धाडा," त्या म्हणाल्या. "रेशमी नको. घसरतात."

ताईचं कपाट मी तोवर उघडलं नव्हतं. वाईला आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं. गल्लीत शांतता होती, घाटावरून कुणाच्या तरी कपडे आपटण्याचा आवाज येत होता. साड्या पलंगावर काढून मी दोन ढीग केले. सुती ढीग मोठा झाला. त्या मी धुतल्या नाहीत. तशाच बांधून मोरिवलीच्या पत्त्यावर पाठवल्या.

रेशमी माझ्याकडे आहेत.